क्षितिजापलीकडले जहाज

ज्या कथेत अन्याय करणारा आणि अन्याय सोसणारा ही दोन्ही माणसे एकाच अंगणात वावरतात, ती कथा सांगणे फारसे अवघड नसते. सावकार ओटीवर बसलेला असतो, कूळ पायरीशी उभे असते. लेखकाने त्या दोघांमधले अंतर नीट मोजले की निम्मे काम झाले. परंतु अन्याय करणारा किनाऱ्यावरून जेव्हा दिसतच नाही, त्याचे हत्यार म्हणजे दोन सरकारांनी सह्या केलेला एक कागद असतो, आणि त्या कागदाचा परिणाम किनाऱ्यावरच्या चुलीपर्यंत येऊन पोहोचावयास पंधरा-वीस वर्षे लागतात, तेव्हा कथाकाराने करावे काय? पश्चिम आफ्रिकेतील सेनेगाल देशाच्या वाङ्मयापुढे व चित्रपटापुढे हा प्रश्न या शतकाच्या आरंभापासून उभा आहे. श्री. मूसा तूरे यांचा ‘ला पिरोग’ हा २०१२ सालचा चित्रपट आणि श्रीमती फातू दिओम यांची ‘सेल की आतांद’, म्हणजे ‘वाट पाहणाऱ्या’, ही २०१० साली प्रसिद्ध झालेली फ्रेंच कादंबरी, या दोन कृतींनी त्याला दिलेली उत्तरे परस्परांहून फार भिन्न आहेत. त्यांपैकी एक आम्हांस अपुरे वाटते व दुसरे पुष्कळसे खरे वाटते. ते का, एवढेच या लेखात सांगावयाचे आहे.

प्रथम वस्तुस्थिती. सेनेगालचा किनारा सुमारे ७०० किलोमीटरांचा. तेथे समुद्राच्या तळचे थंड, कसदार पाणी वर येत असल्यामुळे मासळीच्या दृष्टीने जगातील संपन्न पाण्यांत त्याची गणना होते. किनाऱ्यावरचे मच्छीमार पिरोग नावाच्या लांब, निमुळत्या, भडक रंगांनी रंगविलेल्या लाकडी होड्यांतून दर्यावर जातात. मासे धरणारे, वाहणारे, विकणारे, खारवून-धुरावून सुकविणारे असे सगळे मिळून सहा लाखांच्या आसपास लोक या धंद्यावर जगतात असे सर्वसाधारणपणे सांगण्यात येते. आणि सुकविण्याचे काम जवळजवळ सर्वस्वी बायकांचे. भात व मासळी यांचा ‘चेबुजेन’ हा तेथला राष्ट्रीय पदार्थ होय. २०२१ साली युनेस्कोने त्याला मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत स्थान दिले. या भाताचा मान पूर्वी ‘चोफ’ या माशाकडे असे. तो आपल्याकडील हेकरूच्या कुळातला. चोफ परदेशी बाजारात जाऊ लागला, दुर्मीळ व महाग झाला, आणि सामान्य घरच्या पातेल्यात ‘याबोय’ आला. याबोय म्हणजे आपल्या तारलीचा भाऊबंद, गरिबाचा मासा. आता त्या याबोयचीही ओढाताण आहे. मोठी जहाजे त्याला दर्यात गाठतात, आणि किनाऱ्यावर उभ्या राहिलेल्या कारखान्यांत त्याची भुकटी होते. सुमारे चार-पाच किलो ताज्या मासळीची एक किलो भुकटी, आणि ती जाते दूरदेशीच्या मत्स्यशेतांतील माशांना व जनावरांना खाद्य म्हणून. वारशाच्या यादीत नाव चढत असतानाच पातेल्यातला मासा उतरत होता, हा योगायोग कोणा नाटककाराने रचला असता तर आपण त्याला अतिशयोक्तीचा दोष दिला असता.

परदेशी जहाजे या पाण्यात आली ती चोरून नव्हे. १९७९ साली युरोपीय आर्थिक समूहाने सेनेगालशी मासेमारीचा पहिला करार केला, व पुढे तो वारंवार नवा होत गेला. २००२ ते २००६ या मुदतीच्या करारान्वये युरोपकडून सेनेगाल सरकारला दरसाल १ कोटी ६० लाख युरो मिळत. अशा करारांचे वाङ्मय टीकाकाराने वाचावे काय, असे कोणी विचारील. आमच्या मते अवश्य वाचावे. तेही गद्यच आहे, आणि त्यातील शब्द कादंबरीतल्या शब्दांहून अधिक जपून निवडलेले असतात. १९८२ च्या आंतरराष्ट्रीय समुद्रकायद्याचे ६२ वे कलम घ्या. किनारी राष्ट्राने आपल्या २०० सागरी मैलांच्या पट्ट्यात किती मासळी धरावी हे ठरवावे, ती सगळी धरण्याची ताकद त्याच्यापाशी नसेल तर उरलेला भाग करार करून इतर राष्ट्रांस द्यावा, असा त्याचा आशय आहे. या उरलेल्या भागासाठी कलमात जो शब्द योजला आहे, त्याचे मराठी करावयाचे तर ‘शिल्लक’ असे होईल.

शिल्लक म्हणजे काय हे आपल्या घरच्या बाईमाणसांस विचारावे. सगळ्यांची पाने वाढून झाली, उद्याची बेगमी काढून ठेवली, दाराशी आलेल्याला घासभर दिले, त्यानंतर जे उरते ती शिल्लक. कलमातली शिल्लक निराळी आहे. ती भुकेवरून मोजावयाची नाही, ताकदीवरून मोजावयाची. ज्याच्या हाती लहान जाळे त्याच्या घरी मोठी शिल्लक, असे हे गणित! कलमाच्या कर्त्यांस न्याय द्यावयाचा तर हेही सांगितले पाहिजे की, आधीच्या ६१ व्या कलमात मासळीच्या रक्षणाचे बंधन आहे, आणि किनाऱ्यावरील मच्छीमार वस्त्यांच्या आर्थिक गरजांचा उल्लेखही आहे. परंतु तो उल्लेख विचारात घ्यावयाच्या अनेक गोष्टींतली एक गोष्ट म्हणून, वाक्याच्या पोटात, ओझरता येऊन जातो. व्याकरणातही माणसाचे स्थान कोठे आहे ते पाहावे. या वाक्यात मच्छीमार कर्ता नाही, कर्मही नाही, तो एका समासाच्या आत बसलेला आहे. शिवाय याबोय हा फिरता मासा. ऋतुमानाप्रमाणे तो मॉरिटानियाच्या पाण्यातून सेनेगालच्या पाण्यात व परत असा येरझारा घालतो. मग एका देशाने मोजलेली शिल्लक ही शेजाऱ्याच्या ताटातली असू शकते. ‘शिल्लक’ या एका शब्दात जेवढी कल्पनाशक्ती खर्च झाली आहे तेवढी कित्येक कादंबऱ्यांत होत नाही, असे म्हटल्यास उपहास समजू नये.

आता चित्रपटाकडे वळू. ‘ला पिरोग’चा नायक बाय लाय हा डाकारजवळच्या वस्तीतला कसलेला नाखवा. अबास एन्दियोन यांच्या २००८ सालच्या कथाग्रंथाच्या आधारे श्री. तूरे यांनी हा चित्रपट केला व तो कान येथील महोत्सवात दाखविला गेला. मासेमारीवर पोट भरेनासे झाले आहे. दलाल माणसे गोळा करून त्यांना होडीने स्पेनच्या कॅनरी बेटांवर पोहोचविण्याचे काम बाय लायपुढे ठेवतो. तो नाखुषीने ते पत्करतो. होडीत तीस पुरुष, आणि लपून बसलेली एक स्त्री. त्यांतल्या कित्येकांनी आयुष्यात समुद्र पाहिलेला नाही. पुढे वाटेत दुसरी एक होडी भेटते. तिचे इंजिन बंद पडलेले असते, तिच्यातली माणसे हात पसरून ओरडत असतात, आणि आपली होडी त्यांना तसेच सोडून पुढे जाते. हा प्रसंग पाहिल्यावर विसरणे शक्य नाही. दिग्दर्शकाने येथे एका अश्रूचीही भीक मागितलेली नाही. होडीतल्या माणसांनी मान वळवली आहे एवढेच दिसते. अरुंद होडीच्या मर्यादेत इतकी माणसे, इतक्या जाती-भाषा आणि त्यांच्यातले हेवेदावे नीट ओळखू येतील असे उभे करणे, हे सामान्य कौशल्य नव्हे.

तथापि चित्रपट संपल्यावर मनात एक रितेपण राहते, व ते करुणरसाचे नव्हे. हा नाखवा मासे धरण्याचे सोडून माणसे का वाहू लागला? पट या प्रश्नाला ओझरता स्पर्श करून लगबगीने होडीत चढतो, आणि एकदा होडीत चढल्यावर वादळ, तहान, मृत्यू ही समुद्राची सनातन शस्त्रे त्याच्या हाती आयती येतात. प्रेक्षक बाहेर पडतो तो समुद्राला भिऊन. वस्तुतः या माणसांचा घात समुद्राने केलेला नाही. समुद्राचाच घात झाला म्हणून ती माणसे येथवर आली. निसर्गाला खलपुरुष करण्याची सोय कलावंताला फार जुन्या काळापासून उपलब्ध आहे, आणि ती घेतली की माणसाने केलेले अपराध वादळात वाहून जातात. पिरोग ही मुळात मासे धरण्याची होडी. तीच आता प्रवासी वाहते आहे, हे या कथेतले सर्वांत बोलके रूपक होते. परंतु तिच्यात मासे भरलेले आपण पोटभर पाहिलेलेच नसल्यामुळे, तिच्यात माणसे भरलेली पाहताना जो धक्का बसावयास हवा तो बसत नाही.

येथे कोणी असा आक्षेप घेईल की, चित्रपटात ट्रॉलर दाखवून काय साधले असते? क्षितिजावर एक काळा ठिपका! हा आक्षेप बिनतोड नाही, पण त्यात तथ्य आहे. २०१४ च्या जानेवारीत सेनेगालच्या नौदलाने ‘ओलेग नायद्योनोव’ हे रशियन जहाज पकडून डाकार बंदरात आणले, तेव्हा शंभर मीटरांहून लांब असे ते धूड किनाऱ्यावरून सर्वांना दिसू शकले. दंड भरून ते सुटले. पण हा अपवाद. एरवी ही जहाजे दूर असतात. रात्री मज्जाव असलेल्या पट्ट्यात घुसतात, सकाळी दिसते ते फाटलेले जाळे. पुष्कळदा तर त्यांच्यावर निशाणही सेनेगालचेच असते, कारण स्थानिक भागीदार उभा करून परकीय भांडवल देशी नोंदणी मिळवू शकते. खलपुरुष वेष पालटून आपल्याच पंगतीत बसला तर कॅमेरा कोणाकडे वळवावा?

दिओमबाईंचे श्रेष्ठत्व आम्हांस वाटते ते हे की, त्यांनी कॅमेरा समुद्राकडे वळविण्याचे टाळले. त्या स्वतः निओदिओर या बेटावर १९६८ साली जन्मल्या, आणि पुढे फ्रान्सात राहून लिहू लागल्या. २००३ साली आलेल्या त्यांच्या पहिल्या कादंबरीने त्यांना कीर्ती मिळाली. तीत बेटावरचा एक मुलगा फुटबॉलच्या वेडाने युरोपची स्वप्ने पाहतो, आणि त्याची परदेशस्थ सावत्र बहीण त्याला परावृत्त करू पाहते. ती कादंबरी चतुर आहे, चटकदार आहे, पण तिच्यात उपदेशाचा सूर थोडा अधिक लागला आहे. जणू परदेशी जाणे हा केवळ भ्रमाचा रोग असून बहिणीचे पत्र हे त्यावरचे औषध होय. ‘वाट पाहणाऱ्या’मध्ये हा सूर उतरला आहे. या कथेत आराम व बूञा या दोन आया, आणि कुंबा व दाबा या त्यांच्या सुना. मुलगे लामिन व इसा हे होडीने निघून जातात, आणि कथा त्यांच्याबरोबर जात नाही. ती बेटावरच राहते. वाचकाला वादळ दिसत नाही, कॅनरी बेटे दिसत नाहीत; दिसते ती रोजची चूल, आणि आज पातेल्यात काय घालावयाचे हा कधीही न सुटणारा प्रश्न.

या चुलीशेजारी दुसरे एक स्थळ आहे, ते म्हणजे वाण्याचे दुकान. आराम उधारीवर सामान आणते, आणि ती उधारी चुकती होण्याआधी नवी उधारी होते. मुलांच्या प्रवासाचा पैसा उभा करण्यासाठी या आयांना जे करावे लागते, त्यातही हीच साखळी पुढे वाढते. आमच्या मते क्षितिजापलीकडचे जहाज किनाऱ्यावर अवतरते ते याच रूपाने. ते जहाज म्हणून येत नाही, ते वाण्याच्या वहीत आकडा होऊन येते. ज्या घरात मासा विकत घ्यावा लागत नव्हता तेथे तो विकत घ्यावा लागतो. जेथे सुकी मासळी विकून तेला-मिठाचे भागत होते तेथे सुकविण्यास मासळीच मिळत नाही. आणि मग वही उघडते. कादंबरीकर्तीला कराराचे नाव घेण्याची गरज उरत नाही. ‘शिल्लक’ या शब्दाला तिने ‘उधारी’ हा प्रतिशब्द शोधला, आणि तो मूळ शब्दापेक्षा अधिक खरा आहे.

कादंबरी निर्दोष आहे असे मात्र नाही. स्त्रियांच्या सहनशीलतेविषयी लेखिका अधूनमधून भाष्य करू लागते, तेव्हा पात्रे स्तब्ध उभी राहून तिचे संपण्याची वाट पाहतात की काय असे वाटते. वाट पाहणे हा विषय असला तरी इतके नको होते! सवतीमत्सराचे धागे लांबले आहेत. परंतु इसा युरोपियन बायको घेऊन सुट्टीला घरी येतो, आणि इतकी वर्षे थांबलेली कुंबा त्या बायकोसाठी जागा करून देते, तो भाग वाचताना हे सर्व दोष विसरावेत इतका तो समर्थ उतरला आहे. पाहुणी काही दिवस राहते, सर्वांशी प्रेमाने वागते, आणि निघून जाते. ती दुष्ट नाही. दुष्ट कोणीच नाही. येथेही युरोप पाहुणा म्हणूनच येतो, आणि जाताना घरातली वस्तू घेऊन जातो.

आपल्या वाचकांस या संदर्भात तकळी शिवशंकर पिळ्ळै यांच्या ‘चेम्मीन’ची आठवण झाल्याशिवाय राहणार नाही. १९५६ सालच्या त्या मल्याळी कादंबरीतही दर्या, होडी आणि कर्ज ही तिन्ही आहेत; करुत्तम्माचा बाप होडी व जाळे घेतो ते तिच्यावर प्रेम करणाऱ्या परीकुट्टीच्या पैशाने, आणि तो पैसा परत करीत नाही. पण तेथे दर्या ही देवता आहे. किनाऱ्यावरच्या स्त्रीचे शील ढळले तर ती पुरुषाला गिळते. ही श्रद्धा कथेचा कणा आहे, आणि दर्या नैतिक असल्यामुळे शोकांतिकेला पूर्णता येते. गंमत अशी की, ही कादंबरी लिहिली जात असताना त्याच केरळच्या किनाऱ्यावर कोल्लमजवळ नॉर्वेच्या साहाय्याने १९५३ साली सुरू झालेली योजना यांत्रिक होड्या आणीत होती. आणि ‘चेम्मीन’ या शब्दाचा अर्थ असलेली कोळंबी लौकरच परदेशी जाणारे सोने होणार होती. कादंबरीत याचा मागमूस नाही, व तो नसावा यात तिचे सामर्थ्यही आहे. सेनेगालच्या लेखकाला मात्र ही सोय राहिली नाही. जो दर्या बायकोच्या पावित्र्यावर लक्ष ठेवी, त्याच्यावर आता दुसऱ्याच कोणाची मालकी आहे. रित्या परतलेल्या होडीचा दोष करुत्तम्मावर घालता येत नाही. मग तो कोणावर घालावा हे किनाऱ्याला उमगत नाही, आणि तरुण मुले तो आपल्या नशिबावर घालून निघून जातात.

हा प्रश्न दूरदेशीचा आहे असे मानण्याचे आपल्याला कारण नाही. १९९१ साली हिंदुस्थान सरकारने खोल समुद्रातील मासेमारीसाठी परदेशी भागीदारीच्या जहाजांना दार उघडले, त्याविरुद्ध देशभरच्या मच्छीमारांनी संप केले, आणि १९९६ साली मुरारी समितीने ते परवाने रद्द करण्याची शिफारस केली. या लढ्यावर अहवाल झाले, निवेदने झाली. मराठीत समुद्र आहे तो बहुतेक किनाऱ्यावर उभे राहून, संध्याकाळी, पायांना लाटा लागू देत पाहिलेला. कोळीण आहे ती बहुधा गाण्यातली. तिच्या उधारीची वही उघडण्यास आपल्या कथाकारांना कोणी मज्जाव केलेला नाही.

सेनेगालकडे परत येऊन एक गोष्ट नोंदविली पाहिजे, कारण ती दोन्ही कृतींना अडचणीची आहे. २००६ साली युरोपशी असलेला करार संपला व २०१४ पर्यंत नवा झाला नाही. समुद्र भरून यावयास हवा होता. उलट त्याच २००६ साली ३१,००० हून अधिक माणसे होड्यांतून कॅनरी बेटांवर उतरली, आणि ‘बार्सा नाही तर बार्साख’, म्हणजे बार्सिलोना किंवा परलोक, ही तरुणांची म्हण झाली. कारण जागा रिकामी राहिली नाही. इतर देशांच्या मोठ्या जहाजांना परवाने मिळाले, व २०१२ साली नवे अध्यक्ष माकी साल यांनी अशा २९ जहाजांचे परवाने रद्द केले. पिरोगही हजारोंनी वाढल्या होत्या, त्यांना इंजिने लागली होती, जाळी बारीक झाली होती. आणि भुकटीच्या कारखान्याला मासळी पुरविणारी होडी पुष्कळदा शेजाऱ्याचीच असते. ज्या बायकांच्या सुकवण्याच्या फळ्या रिकाम्या पडल्या, त्यांचा भाऊ कारखान्याला मासा विकतो. या घरातल्या फुटीवर खरी कादंबरी उभी राहू शकेल. दिओमबाईंनी तिच्या उंबऱ्यापर्यंत आपल्याला नेले आहे, श्री. तूरे त्या घरावरून होडीने पुढे गेले.

२०२४ च्या मे महिन्यात नव्याने निवडून आलेल्या सेनेगाल सरकारने आपल्या पाण्यात मासेमारीचा परवाना असलेल्या जहाजांची यादी प्रसिद्ध केली. किनाऱ्यावरच्या संघटना ती कित्येक वर्षे मागत होत्या. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात युरोपाबरोबरचा करार संपला व नवा झाला नाही. आणि त्याच वर्षी सर्व देशांची मिळून ४६,००० हून अधिक माणसे कॅनरी बेटांवर पोहोचली. यादीत जहाजांची नावे आहेत, त्यांच्या मालक कंपन्या आहेत. हा कागद वाङ्मय म्हणून कोणी वाचणार नाही. पण वाण्याच्या वहीतल्या आकड्यांच्या समोरचे पान कोणते, हे ज्याला शोधावयाचे असेल त्याने ही दोन पाने एकदा शेजारी-शेजारी ठेवून पाहावीत.